ल्युपसमधल्या अँटिबॉडी आणि वंश: आपण सोलापूरकर कुठल्या रकान्यात बसतो?

होटगीरोड

नमस्कार मंडळी. ल्युपसवर इथे जुने धागे आहेत, पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून नवा काढते.

माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराचं निदान झालंय. वय २४. सांधे धरायचे, केस मुठीने यायचे, बारीक ताप हटत नव्हता. रिपोर्टमध्ये एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, डीएस-डीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, आणि खालच्या प्रोफाइलमध्ये 'एसएम' आणि 'आरएनपी' या दोन नावांपुढे तीन-तीन अधिक चिन्हं. संधिवाततज्ज्ञ पुण्याचे, महिन्यातून एकदा सोलापुरात येतात. त्यांनी नीट समजावलं, गोळ्या चालू आहेत, लघवी अजून तरी स्वच्छ आहे.

गोंधळ घातला तो नातेवाइकांनी. अमेरिकेतल्या मामेभावाने एक लेख पाठवला. एसएम अँटिबॉडी गोऱ्या रुग्णांत कमी, कृष्णवर्णीय आणि आशियाई रुग्णांत जास्त, आणि याच लोकांच्या किडन्या जास्त बिघडतात, असं त्यात आहे. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

वंशानुसार अँटिबॉडी बदलतात हे खरं आहे का? असेल तर ते रक्तात आहे की परिस्थितीत? आणि त्या लेखातले 'आशियाई' म्हणजे कोण, जपानी, चिनी की आपण? मला स्वतःला वाटतं की बहिणीचा रिपोर्ट तिचा म्हणून वाचावा, अख्ख्या खंडाचा म्हणून नाही. पण हे माझी माया बोलतेय की त्याला काही आधार आहे, ते जाणकारांनी सांगावं.

प्राजक्ता_बार्शी

वाचतेय. माझ्या जावेलाही आहे.

कडकभाकरी

ताई, आधी काकूंना जेवू घाला. उपाशी पोटी अमेरिकेतला लेख कुणालाच पचत नाही. दही, शेंगाचटणी आणि चार घास. बाकीचं बघायला इथं बरीच शहाणी माणसं आहेत.

डॉ_मंगळवेढा

मी फिजिशियन आहे, संधिवाततज्ज्ञ नाही, पण ल्युपसचे रुग्ण नेहमी बघतो.

फरक खरा आहे. अँटी-एसएम गोऱ्या रुग्णांत साधारण दहात एकाला सापडते, कृष्णवर्णीय आणि आशियाई रुग्णांत दहातल्या तिघा-चौघांना. आरएनपी कृष्णवर्णीय रुग्णांत ठळकपणे जास्त. डीएस-डीएनएच्या बाबतीत गटागटांतला फरक इतका स्पष्ट नाही. रो आणि ला या आणखी दोन अँटिबॉडी, त्यांच्यामागे काही प्रमाणात एचएलए नावाची प्रतिकारशक्तीची जनुकं आहेत. डीआर३ नावाचा प्रकार असणाऱ्यांत रो-ला जास्त दिसतात, आणि हे प्रकार जगभर सारखे पसरलेले नाहीत.

आता ही एसएम काय आहे ते सांगतो, म्हणजे भीती थोडी कमी होईल. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी स्टेफनी स्मिथ नावाच्या तरुण रुग्णाच्या रक्तात ही अँटिबॉडी पहिल्यांदा ओळखली. तिच्या आडनावावरून एसएम. पेशीच्या केंद्रकात आरएनएची काटछाट करणारे बारीक कण असतात, त्यांच्यावरच्या प्रथिनांविरुद्ध ही अँटिबॉडी बनते. आरएनपीसुद्धा त्याच कणावरची, म्हणून दोघी बहुतेक वेळा जोडीने येतात. तुमच्या बहिणीच्या बाबतीत दोन वेगळी संकटं आलेली नाहीत.

एसएमचं खरं महत्त्व निदानात आहे. ती ल्युपसशिवाय दुसऱ्या आजारांत क्वचितच दिसते. २०१९च्या युरोपीय-अमेरिकी वर्गीकरणात एएनए ही फक्त आत येण्याची अट आहे, तिला गुण नाहीत. डीएस-डीएनए किंवा एसएम असेल तर ६ गुण, आणि एकूण १० लागतात. म्हणजे एसएम सापडली की आजाराचं नाव पक्कं व्हायला मोठी मदत होते. ती आहे म्हणून किडनी जाणारच, असं कुठलाही अभ्यास सांगत नाही.

चाटीगल्ली

डॉक्टर, आदर राखून असहमत. 'आशियाई' हा रकानाच मुळात पोकळ आहे. टोकियोतली बाई, मनिलातली बाई आणि अक्कलकोटातली बाई एकाच खणात कोंबायच्या आणि वर टक्केवारी काढायची. सोलापुरातच बघा ना. पूर्व भागात तेलुगू, दक्षिण तालुक्यात कन्नड, विजापूर वेशीकडे दखनी उर्दू, आणि मराठी सगळीकडे. यांच्यात एकच रक्त आहे असं कोण म्हणेल? आणि यांना वेगळं मोजलं तर जे फरक दिसतील ते रक्ताचे की बिडीच्या पानांचे, यंत्रमागाच्या तुसाचे, उन्हाचे आणि उशिरा मिळालेल्या औषधाचे?

अमेरिकेत गरीब कोण आणि आजारी कोण, हे दोन्ही रंगावर ठरतं. तिथे कातडीच्या नावाखाली दारिद्र्यच मोजलं जातंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यूजर्सी_ते_नवीपेठ

चाटीगल्ली, तुमच्या या प्रश्नावरच एक मोठा अभ्यास झालाय. त्याचं नाव ल्युमिना. १९९४मध्ये सुरू झाला, अलाबामा आणि टेक्सास, पुढे प्वेर्तो रिको. नावाचा विस्तारच असा की अल्पसंख्याकांमधला ल्युपस, निसर्ग की परिस्थिती. ग्रासिएला अलार्कोन या त्याच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. कृष्णवर्णीय आणि टेक्सासमधले हिस्पॅनिक रुग्ण यांच्यात आजार जास्त तीव्र निघाला, किडनीचा त्रासही जास्त. पण मृत्यूंकडे बघताना गरिबीचा हिशेब मांडला, तेव्हा वंशापेक्षा गरिबीच जड भरली. आणि एक मासलेवाईक गोष्ट: प्वेर्तो रिकोचे हिस्पॅनिक टेक्सासच्या हिस्पॅनिकांपेक्षा बरेच सौम्य निघाले. कागदावर दोघांचा रकाना एकच.

तेव्हा तुमचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं असं की एकाच शहरात, एकाच दवाखान्यात तपासलेल्या रुग्णांतही एसएम आणि आरएनपीचा फरक शिल्लक राहतो. तो सगळा गरिबीच्या नावावर टाकता येत नाही.

मी इथे आकडेवारीच्या कामात आहे. दवाखान्यात गेलं की वंश विचारणारा फॉर्म पुढे येतो, आणि मी दर वेळी 'आशियाई'वर खूण करताना हाच विचार करतो की माझ्या नावाने कुणाची सरासरी काढली जाणार आहे.

सूक्ष्मदर्शक_सोलापूर

मी लॅबमध्ये आहे. दोन गोष्टी सांगायच्यात, कारण इथे कुणी तपासणीच्या पद्धतीबद्दल बोललंच नाही.

होटगीरोडताई, ते तीन अधिक. प्रोफाइलची तपासणी एका अरुंद पट्टीवर होते. पट्टीवर वेगवेगळी प्रथिनं आडव्या रेषांत चिकटवलेली असतात. रक्तातला सीरम तिच्यावर फिरवला की ज्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी आहे ती रेष गडद होते. स्कॅनर तो गडदपणा मोजतो आणि एक, दोन किंवा तीन अधिक देतो. तीन अधिक म्हणजे रेष गडद आहे, एवढंच. आजार तिप्पट असा अर्थ कुणी काढू नये. एसएम दर महिन्याला पुन्हा करायचीही गरज नसते. आजाराची चाल बघायला डीएस-डीएनए, सी३ आणि सी४ ही रक्तातली कॉम्प्लिमेंट (प्रतिकाराची) प्रथिनं, आणि लघवी.

दुसरं म्हणजे अभ्यासांची तुलना. जुन्या काळी जेलीसारख्या थरात (जेलमध्ये) रेषा पाडून एसएम बघायचे, ती पद्धत थोडं प्रमाण पकडायचीच नाही. एलायझा ही नवी, रंग मोजणारी पद्धत जास्त पकडते. डीएस-डीएनएसाठी क्रिथिडिया नावाच्या एकपेशीय जिवावर केलेली तपासणी कडक, एलायझा सैल. तेव्हा एका देशाची एलायझा आणि दुसऱ्या देशाचं जेल शेजारी ठेवून 'बघा, वंशाचा फरक' म्हणणं चुकीचं आहे. एकच पद्धत, एकच लॅब असेल तरच तुलनेला अर्थ.

आणि एएनए एकट्याने काही ठरत नाही, हे मी रोज काउंटरवर सांगते. १९९७च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी माणसांतही १:४०ला (सीरम ४० पट पातळ केल्यावर) जवळजवळ ३२ टक्के आणि १:८०ला १३ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते.

प्राजक्ता_बार्शी

ताई, हे रेषेचं इतकं सोपं करून आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जाऊबाई तो कागद बघून रडायच्या. धन्यवाद.

सूक्ष्मदर्शक_सोलापूर

थोडं अवांतर, पण धाग्याच्या विषयाशी त्याचं नातं आहे. एएनएची चकाकणारी तपासणी ज्या काचेवर होते, तिच्यावर हेप-२ नावाच्या मानवी पेशींचा थर असतो. अंधाऱ्या खोलीत भिंगाखाली बघितलं की केंद्रकं हिरवी उजळतात, कधी सगळीकडून एकसारखी, कधी ठिपक्याठिपक्यांनी. एसएम-आरएनपी असली की जाडसर ठिपके. या पेशी घशाच्या कर्करोगातून आल्या असं पूर्वी समजत. पुढे जनुकं तपासल्यावर कळलं की त्या मुळात हेला पेशी आहेत, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिला न विचारता त्या घेतल्या होत्या, आणि त्याच वर्षी ती गेली.

कृष्णवर्णीयांत अमुक टक्के, गोऱ्यांत तमुक टक्के हे ज्या काचेवर मोजलं गेलं, त्या काचेवर तीच आहे. ही गोष्ट लॅबमधल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगितली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कडकभाकरी

हे माहीतच नव्हतं. नुसतं वाचून अंगावर काटा आला बे.

साखरपेठ

मी पद्मशाली, घरी तेलुगू, शाळा मराठी. माझा अनुभव रो अँटिबॉडीचा आहे म्हणून लिहिते.

मला सांधेदुखीसुद्धा फारशी नव्हती. डोळे कोरडे, तोंड कोरडं, टॉवेलच्या कारखान्यातल्या तुसाने होत असेल असं सगळे म्हणायचे. पहिल्या बाळंतपणात पाचव्या महिन्यात बाळाचे ठोके फार कमी लागले. तेव्हा पहिल्यांदा माझं रक्त तपासलं, आणि रो पॉझिटिव्ह आली. बाळाच्या हृदयातली वायरिंग माझ्या अँटिबॉडीने बिघडवली होती. मुलाला पेसमेकर आहे, आता शाळेत जातो, भावंडांशी मारामारी करतो.

त्या वेळी मला एका शिकलेल्या बाईने सांगितलं की तुमच्या लोकांत मामाशी लग्नं होतात म्हणून हे असं. माझं लग्न नात्यात झालेलंच नाही! तरी कितीतरी दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. वंश, जात, समाज हे शब्द डॉक्टरी कागदावर येतात तेव्हा ते कागदावर राहत नाहीत, घरात येतात. म्हणून चाटीगल्लीदादांचा राग मला समजतो.

अक्कलकोटची_सून

साखरपेठताई, वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टरांना खरंच विचारायचंय, नात्यातल्या लग्नाचा ल्युपसशी संबंध असतो का? आमच्याकडे आत्याच्या मुलाशी लग्नं सर्रास होतात. माझंही झालंय.

डॉ_मंगळवेढा

संबंध एका फार विरळ प्रकारापुरता. सी१क्यू नावाचं एक कॉम्प्लिमेंट प्रथिन असतं. आई आणि वडील दोघांकडून त्याचं बिघडलेलं जनुक आलं तर ते प्रथिन बनतच नाही, आणि अशा मुलांतल्या दहातल्या नवांना लहानपणीच ल्युपससारखा आजार होतो. नात्यातल्या लग्नात अशी दोन जनुकं एकत्र येण्याची शक्यता वाढते. पण नेहमीचा, विशीतिशीत होणारा ल्युपस असा एका जनुकाचा नाही. शेकड्याच्या घरात जनुकस्थानं, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, वर स्त्री-संप्रेरकं, ऊन, जंतुसंसर्ग. रुग्णांमध्ये दहातल्या नऊ बायका असतात, त्या काही सगळ्या नात्यात दिलेल्या नसतात.

साखरपेठताई, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते निराधार होतं. रो असलेल्या आईच्या बाळाला हार्ट ब्लॉक होण्याची शक्यता शेकडा एक-दोन. एका बाळाला झाला असेल तर पुढच्या खेपेला ती शेकडा १६-१८पर्यंत जाते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी गरोदरपणात सुरुवातीपासून दिली तर ती निम्म्याहून खाली येते, हे २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पुढचा विचार असेल तर आधी सांगून ठेवा, साधारण १६व्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी सुरू करतात.

साखरपेठ

दुसरी मुलगी झाली, त्याच गोळीवर, ठोके एकदम चांगले. ते राहिलंच लिहायचं.

कडकभाकरी

अहो ताई, मुख्य बातमी शेवटी सांगता होय! अभिनंदन.

कंबर_तलाव

मला २००९पासून ल्युपस आहे, किडनीचाही. या धाग्यावर रक्ताची चर्चा चाललीय, मला कातडीबद्दल बोलायचंय.

पुस्तकात फुलपाखराचा लाल चट्टा असतो. माझ्या सावळ्या चेहऱ्यावर तो लाल कधी दिसलाच नाही. गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर जांभळट-काळपट पट्टा, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या तेवढ्या मोकळ्या. सगळ्यांनी वांग म्हणून सोडून दिलं. औषधाच्या दुकानातून मिश्र क्रीमची ट्यूब आणून लावली, तिच्यात स्टेरॉइड होतं, म्हणून चट्टा महिनाभर फिका व्हायचा आणि मला वाटायचं बरं झालं. एका दवाखान्यात 'उन्हात हिंडू नका, गोरं व्हायची क्रीम लिहून देतो' इथवर ऐकलं. तोवर पायावर सूज, सकाळी लघवीला फेस. फेस बराच वेळ विरायचा नाही. पुढे बायोप्सीत किडनीच्या ल्युपसचा चौथा, गंभीर वर्ग निघाला.

आता सांगा, माझ्या किडनीवर माझ्या वंशाने घाला घातला की माझ्या रंगावर चट्टा ओळखता न आल्याने? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचंही हेच होत असणार. 'या गटात किडनी जास्त बिघडते' या वाक्यात असे वाया गेलेले महिने किती दडलेत ते कुणी मोजत नाही, याची मला फार चीड येते.

चाटीगल्ली

+१००. हेच म्हणत होतो.

न्यूजर्सी_ते_नवीपेठ

कंबर_तलाव, तुमच्या बोलण्याला जोडून एक. २००३मध्ये अमेरिकी लष्कराच्या साठवलेल्या सीरमवर अभ्यास झाला. १३० सैनिकांना पुढे ल्युपस झाला होता, त्यांचं आजाराआधीचं रक्त उपलब्ध होतं. ८८ टक्के लोकांत निदानाच्या आधीच किमान एक अँटिबॉडी होती, काहींत ९ वर्षं आधी. एएनए, रो, ला, फॉस्फोलिपिडविरोधी या अँटिबॉडी आधी आल्या, मग डीएस-डीएनए, आणि एसएम-आरएनपी निदानाच्या अगदी तोंडावर. म्हणजे अँटिबॉडींना क्रम आहे. ज्या समाजातली माणसं उशिरा पोचतात, त्यांच्या पहिल्या रिपोर्टमध्ये उशिराच्या अँटिबॉडी जास्त दिसणं शक्य आहे. एसएमचा सगळा फरक याने सुटतो असं मी म्हणत नाही, पण वंशाच्या तक्त्यात वेळेचा रकाना नसतो हे लक्षात ठेवायला हवं.

डॉ_मंगळवेढा

हा मुद्दा पटतो. पण 'सगळं परिस्थितीचं' या टोकालाही जाऊ नये, कारण त्याने रुग्णाचं नुकसान होतं. काही गोष्टी खरोखर जनुकांतल्या आहेत आणि त्या माहीत असल्या तर फायदा होतो.

एपीओएल१ घ्या. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या वंशजांत या जनुकाचे दोन प्रकार आढळतात. झोपेच्या आजाराच्या परजीवीपासून ते वाचवतात, म्हणून तिथे टिकले. पण दोन्ही पालकांकडून ते आले आणि वर ल्युपसने किडनी धरली, तर ती लवकर निकामी होते. मामेभावाच्या लेखातल्या 'किडनी जास्त बिघडते'मागे कृष्णवर्णीयांपुरता याचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे हे प्रकार जवळपास नाहीतच. होटगीरोडताई, एका वाक्यात दोन गट जोडले की असं होतं.

उलट आपल्याकडचं उदाहरण अझाथायोप्रिन, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. ती गोळी युरोपीय लोकांत टीपीएमटी जनुकामुळे पांढऱ्या पेशी पाडते, आशियाई लोकांत त्याहून जास्त एनयूडीटी१५मुळे, आणि ते प्रकार भारतीयांत चांगलेच आढळतात. सुरू केल्यावर दोन आठवड्यांत सीबीसी केलाच पाहिजे. तिसरं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने डोळ्याचा पडदा दुखावला तर गोऱ्यांत तो मध्याच्या जवळ दुखावतो, आशियाई लोकांत बऱ्याचदा जरा बाहेरच्या वर्तुळात. डोळ्याच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा, म्हणजे ते पडदा रुंद तपासतील.

आणि किडनीची औषधं. २००९च्या एका मोठ्या चाचणीत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक रुग्णांना सायक्लोफॉस्फामाइडपेक्षा मायकोफेनोलेट जास्त लागू पडलं. कमी डोसचं सायक्लोफॉस्फामाइड, दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम, असे सहा, हे मुळात युरोपात बहुतांश गोऱ्या रुग्णांवर तपासलं गेलं होतं. आपल्या लोकांना चालेल का याची शंका होती. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाने १०० रुग्णांवर हे आणि मायकोफेनोलेट तोलून पाहिलं, २०१६मध्ये छापलं, निकाल बरोबरीचा. सोलापूरच्या रुग्णाला हे स्वस्त औषध डोळे मिटून नाकारायचं कारण उरलं नाही. आपल्याच माणसांवर अभ्यास करण्याचा उपयोग तो हा.

कंबर_तलाव

हो, मी तेच सहा घेतले होते. सलाइन लावून दिवसभर पडून राहायचं आणि ढीगभर पाणी प्यायचं. लघवीतलं प्रथिन हळूहळू उतरलं. आता मायकोफेनोलेट.

अक्कलकोटची_सून

डॉक्टर, इतकं सगळं वंशावर अवलंबून आहे तर मग माणसाकडे एकेकटं बघायचं कसं? मूळ प्रश्न तोच होता ना?

न्यूजर्सी_ते_नवीपेठ

मी प्रयत्न करतो. सोलापूरचं मे महिन्यातलं सरासरी तापमान सांगून तुमच्या पत्र्याच्या खोलीत किती उकडतंय ते कळत नाही; त्यासाठी खोलीतच थर्मामीटर लावावा लागतो. गटाचा आकडा माहीत असला की काय शोधायचं ते कळतं. सापडलं की नाही ते त्या माणसाच्या रक्तातून आणि लघवीतूनच कळतं, आणि एकदा ते हातात आलं की गटाच्या आकड्याचं काम बहुतेक संपतं. ताईंच्या बहिणीची एसएम तपासून झाली आहे. ती किती टक्के आशियाई बायकांत असते, याने तिच्या उपचारात आता काडीचा फरक पडत नाही.

अमेरिकेत ईजीएफआरच्या, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाज काढणाऱ्या सूत्रात वर्षानुवर्षं कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्याने त्यांची किडनी कागदावर बरी दिसायची. २०२१मध्ये तो काढून टाकला. गटाचा आकडा एकेका माणसावर लादला की काय होतं, त्याचं हे डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे.

होटगीरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळा धागा आईला वाचून दाखवला, पट्टीवरच्या रेषेचं तर दोनदा. आता कामाचं विचारते. पुण्याचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, मधल्या काळात आम्ही काय बघायचं?

कंबर_तलाव

लघवी. बाकी सगळं नंतर. सकाळच्या लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, डॉक्टर सांगतील त्या अंतराने, आणि कागद फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या वर प्रथिन जायला लागलं तर बायोप्सीचा विषय निघतो, तेव्हा पुढच्या भेटीची वाट बघत बसू नका, फोन करा. घरी बीपीचं यंत्र ठेवा. गोळी चुकवू नका. २०२०मध्ये करोनाच्या घबराटीत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मिळेना, आम्ही सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत दुकानं पालथी घातली होती, तेव्हापासून मी एक पाकीट शिल्लक ठेवतेच. उन्हात पूर्ण बाह्या, तोंडाला स्कार्फ, सनस्क्रीन. गड्ड्याच्या जत्रेला जरूर जा, संध्याकाळी जा.

सूक्ष्मदर्शक_सोलापूर

आणि डीएस-डीएनए दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. लॅब बदलली की आकडा बदलतो आणि उगाच जीव घाबरा होतो.

साखरपेठ

बहिणीचं लग्न व्हायचं असेल तर रो आणि फॉस्फोलिपिडच्या तपासण्या झाल्यात का तेही विचारून घ्या. लग्न मोडायला नाही, पुढची तयारी करायला.

एक सुचवू का? मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे रुग्ण इथे एकाच बाकावर बसलेले असतात. आपल्याच गावाची कुणी नोंद ठेवली तर?

डॉ_मंगळवेढा

फार चांगली सूचना. भारतात ल्युपस किती, याचा नेहमी दिला जाणारा आकडा लाखात ३.२ हा दिल्लीजवळच्या पाहणीतून १९९३मध्ये आलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतही ल्युपस विरळा असं वर्षानुवर्षं मानत होते, पण तिथे तपासणारे डॉक्टर आणि लॅब किती होत्या? अलीकडे देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून इन्स्पायर नावाने नव्या रुग्णांची नोंद सुरू केली आहे, ती मोठी गोष्ट आहे. तिच्यात आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावांची भर पडायला हवी.

मी वैशंपायन मेडिकल कॉलेजमधल्या माझ्या वर्गमित्रांशी बोलतो. नोंद ठेवायची तर रुग्णाच्या परवानगीने, नाव झाकून, कॉलेजच्या नैतिक समितीकडून मंजुरी घेऊनच.

चाटीगल्ली

जात लिहिणार असाल तर माझा विरोध आहे. मातृभाषा, गाव, काम, पहिल्या त्रासापासून निदानापर्यंत गेलेले महिने आणि तज्ज्ञापर्यंतचं अंतर लिहा. हे रकाने असतील तर फॉर्म तयार करायला मी स्वतः बसतो.

न्यूजर्सी_ते_नवीपेठ

तपासणीची पद्धत आणि किटचं नाव हाही रकाना घाला. विश्लेषण मी इथून करून देतो.

सूक्ष्मदर्शक_सोलापूर

पद्धतीचा रकाना माझ्याकडे. चट्ट्याचा रंगही लिहायचा, 'लाल' असं आधीच छापायचं नाही. कंबर_तलावताई, त्या रकान्याचे शब्द तुम्ही सुचवा.

कंबर_तलाव

लाल, जांभळट, काळपट, फिकट. चारही ठेवा, आणि शेजारी 'याआधी कुठली क्रीम लावली' ही ओळ हवीच.